चंद्र वजा जाता

पट्टी जागेवर नव्हती, एवढंच झालं होतं. टेबलाच्या उजव्या खणात, पेन्सिलींच्या डब्याला टेकून ती एकोणीस महिने रोज सापडत आली होती. निरीक्षणांची वही उघडायची, पट्टी शेवटच्या रकान्यावर उभी ठेवायची आणि मग आकडे उतरवून घ्यायचे. वेळ, कोन, किती मिनिटं उजेड साठवला, हवा किती थरथरत होती, चंद्र किती अंशांवर होता. आकडे कोणाच्याही हातचे असले तरी आकडेच असतात. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात अक्षरं असतात, ती अक्षरं वहिनींची असतात, आणि वहिनींच्या हातचं मी वाचत नाही. हा माझा नेम आहे. हल्ली तो रकाना भरगच्च असायचा. पट्टीखालून वेलांट्या बाहेर डोकवायच्या, मी पट्टी रेघभर सरकवून त्याही झाकायचे. दुर्बिणीपाशी बसून एवढं काय खरडते ही बाई, बोलघेवड्या माणसाला कागदसुद्धा पुरत नाही, असं मनात यायचं आणि मी पान उलटायचे. आज तक्ते काढणाऱ्याने दुपारच्या भाषणाच्या फलकासाठी ती पट्टी न विचारता नेली होती. मागच्या हिवाळ्यातली वही समोर उघडी होती, साहेबांना निरीक्षणाची नेमकी वेळ हवी होती, माझा हात खणात चाचपडत होता, आणि तेवढ्यात डोळे पुढे निघून गेले. नेम असा मोडतो. आपण मोडत नाही, तो हातातून सुटलेल्या भांड्यासारखा खाली गेलेला असतो आणि मग आवाज येतो.

वहिनींचं अक्षर मागे झुकतं, दारात कोणी अंग चोरून उभं राहावं तसं. लिहिलं होतं: ‘पातळ ढग. चंद्राचा उजेड पसरलाय, एका अंगाला जास्त. आकाश दोन्ही बाजूंनी घ्यावं. एका बाजूवर विसंबू नये.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. मी वही मिटली. पुन्हा वाचायची गरज नव्हती, वाक्य पाठ झालं होतं. आमच्या कामात एक साधी रीत आहे. आकाशातल्या एखाद्या अंधुक ठिपक्याचा उजेड आपण एका बारीक फटीतून आत घेतो. त्या फटीत ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचं रिकामं आकाशही येतं. रिकामं आकाश कधीच काळंभोर नसतं, त्याचा स्वतःचा थोडा उजेड असतो. तो मोजून ठिपक्याच्या उजेडातून वजा करायचा, उरेल ते ठिपक्याचं. मी वजा करायला नेहमी वरची बाजू घेते. खालच्या बाजूला आमच्या यंत्रावर जुने डाग आहेत, ते आकड्यांतून पुसत बसण्यात अर्धा दिवस जातो, आणि ढग नसतील तर वरची बाजू पुरते. चंद्र किती लांब होता तो आकडा मी बघितला होता, लांबच होता. ढगांना आकडा नसतो. ढग शेऱ्यात लिहितात.

तो ठिपका म्हणजे तीन मजली इमारतीएवढा एक दगड. पृथ्वीजवळचा लघुग्रह. आपल्याबरोबरच, आपल्याच वेगाने सूर्याभोवती फिरणारा, जत्थ्यातून मागे पडलेल्या पण साथ न सोडणाऱ्या वाटसरूसारखा. त्याची वाट पृथ्वीच्या वाटेला इतकी चिकटून होती की दोन-तीन वर्षं सगळ्यांना एकच शंका होती. हा बाहेरचा नसावा, कधीकाळी चंद्रावर काहीतरी येऊन आदळलं असेल आणि त्या दणक्याने उडालेला हा कपचा असेल. फक्त रंग जुळायला हवा होता. चंद्राच्या मातीचा उजेड तांबड्याकडे एका विशिष्ट चढाने जातो, तसा बाकीच्या दगडांचा जात नाही. मागच्या हिवाळ्यात वहिनींनी तो टिपला, मी आकाश वजा केलं, आलेख काढला, आणि चढ आला. चंद्रावरून आणलेल्या मातीच्या आलेखावर मी माझा कागद ठेवला आणि खिडकीच्या काचेवर धरला तेव्हा दोन रेघांची एक रेघ झाली. मला घाम फुटला होता. विभागात दुसऱ्या दिवसापासून त्या दगडाचं नाव ‘मामेभाऊ’ पडलं. चंद्र सगळ्यांचा मामा, मग त्याचा मुलगा तो आपला मामेभाऊच की. शिपाई मला सकाळी विचारायचा, “काय बाई, मामेभाऊ काय म्हणतोय?” मी मान खाली घालून हसायचे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे धुऊनपुसून दिल्यावर पहिल्यांदा एका निबंधावर माझं नाव येणार होतं, साहेबांच्या खाली, दुसरं. वहिनींचं तिसरं. छपाईचा मसुदा आला तेव्हा मी ती तीन नावं बघत किती वेळ बसले होते ते देवाला माहीत आहे. मी देवाला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच बघितलं असेल.

आणि आता तो चढ दगडाचा नव्हता. तो मामेभाऊ नव्हताच, प्रत्यक्ष मामाच होता. ढगात पसरलेला चंद्राचा उजेड मी पुरता वजा केला नव्हता. उरलेला चंद्र मी दगडाचा रंग म्हणून मोजला होता, आणि मग तो चंद्रासारखा दिसतो म्हणून मला घाम फुटला होता. साडेदहा वाजले होते. तीन वाजता खालच्या सभागृहात साहेब हे जगाला सांगणार होते. आमच्या साहेबांना सगळे फीतकापे म्हणतात, त्यांच्यामागे. कारण कुठे नवं काही सुरू होत असलं की ते कात्री घेऊन हजर असतात.

मी वही पुन्हा उघडली. ते पान शिवणीतून सुटत आलं होतं. हे मला मघाशीच दिसलं होतं, पण दिसलं आहे हे मी आत्ता कबूल केलं. दोन टाक्यांवर लोंबत होतं. हलकं ओढलं असतं तर आलं असतं. मग ढगांची नोंद कुठेच उरली नसती. पुढेमागे कोणी चूक काढलीच असती तर विचारलं असतं, दुर्बिणीवर कोण होतं, त्यांनी ढग का लिहिले नाहीत? वहिनींची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. यंदाचा कागद अजून सहीला जायचा होता. मी पानाचा कोपरा चिमटीत धरला. माझी बोटं स्वच्छ होती, नखं कापलेली. पहाटेच्या जपानंतर मी हात धुते, त्याच साबणाचा वास येत होता. मला चांगुलपणाने थांबवलं असं मी म्हणणार नाही. पानाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या चार ताऱ्यांचे आकडे होते, स्वच्छ हवेतले, उत्तम, आणि ते वाया गेले असते. म्हणून मी कोपरा सोडला. मऊ बोलणाऱ्या बाईबद्दल लोकांचा एक समज असतो की तिच्या आत मऊच असणार. लहानपणी मला ‘हळू बोल’ म्हणून दामटलं, ते मी इतकं मनावर घेतलं की आता मोठा आवाज निघतच नाही. पण मऊ आवाजाची एक सोय असते. त्यात विष कालवलं तरी त्याचा रंग बदलत नाही.

हे विष दादाच्या मरणाचं. दादा, माझा मोठा भाऊ, याच संस्थेत दुर्बिणींचे आरसे घासायचा. एकेक आरसा चार-चार महिने, गोल गोल, तळहाताने ऊब बघत. मला इथे त्यानेच चिकटवलं, आणि दुर्बीण चालवणाऱ्या एका मोठ्याने हसणाऱ्या मुलीशी लग्न करून तिला वहिनी म्हणून घरी आणलं. ती मला वन्सं म्हणायची, चारचौघांत, संस्थेच्या जिन्यात, आणि लोक हसायचे. तेव्हा मलाही गंमत वाटायची. मग एका दुपारी दादा घासण्याच्या टेबलावरच कोसळला, डोक्यात रक्त उतरलं. तीन दिवस यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. चौथ्या दिवशी पहाटे माझा जप चालू असताना शेजारच्या खोलीत फोन वाजला. माझा जप दीड तासाचा. तेवढ्यात उठायचं नाही, बोलायचं नाही, हा नेम मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून पाळत आले आहे. चाळीस मिनिटं उरली होती. फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, हीच परीक्षा आहे. मला वाटलं, मी उठले की दादा जाईल, बसून राहिले तर तो राहील. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं ते नाहीच. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा यंत्र बंद केलेलं होतं, त्याच्या तोंडातली नळीसुद्धा काढली होती आणि ओठांच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा चौकोन उमटला होता. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, “आटोपला का नेम?”

तीन शब्द. पुढे काही नाही. त्यांनी माझी वाट न बघता माझ्या भावाचा श्वास थांबवला आणि वर मलाच विचारलं. मी घरी आले, आंघोळ केली, देवापुढे बसले आणि जुन्या तीन नेमांत चौथा घातला. जप मोडायचा नाही, खोटं बोलायचं नाही, आठवड्यातून एक दिवस उपाशी राहायचं, आणि या बाईशी शब्द बोलायचा नाही, तिचा शब्द घ्यायचा नाही. पहिले तीन देवासाठी होते. चौथा कोणासाठी, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण खरं सांगायचं तर चारांतला सगळ्यात निष्ठेने पाळलेला हाच. उपासाला एखादवेळी चक्कर येते, जपात मन भरकटतं. पट्टी मात्र कधी एक केसभर हलली नव्हती.

मी टेबलावरचं मोजणीचं यंत्र सुरू केलं आणि सगळं पुन्हा मोजलं. खालच्या बाजूचे डाग एकेक करून काढायला सव्वादोन तास गेले. या वेळात कोणीतरी चहा ठेवून गेलं, तो निवला. बाहेर फलक लावण्याचे हातोडे वाजत होते. दोन्ही बाजूंचं आकाश वजा केल्यावर आलेखाचा चढ निम्म्याहून खाली आला आणि ठिपके विस्कटले, शाळा सुटल्यासारखे. त्यातून आता काहीही म्हणता येत होतं. हा चंद्राचा कपचा असेल. नसेलही, लाखो इतर दगडांतला एक असेल. शंका जिथे दोन वर्षांपूर्वी होती तिथेच परत येऊन बसली होती. आमच्याकडे नवी मोजणी वर न्यायची तर दोन सह्या लागतात, मोजणाऱ्याची आणि टिपणाऱ्याची. मी माझी केली. दुसरी रेघ रिकामी होती.

निरीक्षकांची विश्रांतीची खोली तळमजल्यावर आहे. दार उघडंच होतं. वहिनी लोखंडी खाटेवर बसून डब्यातलं खात होत्या, भाषणासाठी नवी साडी नेसलेली, पाय मात्र जाड मोज्यांत. एकोणीस महिन्यांत मी त्यांच्याकडे सरळ बघितलं नव्हतं. कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याचं मला बरं वाटलं.

“या,” त्या दुसरंच कोणी समजून म्हणाल्या, मग घास तसाच राहिला. “अरे देवा. वन्सं?”

“सही हवी होती,” मी म्हणाले. वाचून नेम मोडलाच होता, आता बोलूनही.

“कशावर?”

“मोजणी पुन्हा केली. आकाश दोन्ही बाजूंनी घेऊन. चढ राहत नाही.”

त्यांनी कागद घेतला, खिडकीकडे धरून बघितला. त्यांना समजायला क्षणही लागला नाही. कामात त्या हुशार आहेत, हे मी कधी नाकारलेलं नाही. “आज?” त्या म्हणाल्या. “फुलं आणून झाली, खुर्च्या मांडून झाल्या, आणि आज? मी तेव्हाच लिहिलं होतं.”

“हो. वाचलं.”

“वाचलंत.” डब्याचं झाकण त्यांनी नको इतकं घट्ट लावलं. “वाचत असालच म्हणा. वाचून गिळायचं, ही तुमची जुनीच खोड. ढगांचं ठीक आहे, ते दगडाचं होतं. पण बाकीच्याला एका शब्दाचं उत्तर द्यायला काय झालं होतं? ‘हो’ म्हणायचं. ‘मसणात जा’ म्हणायचं. काहीही.”

मला वाटलं, हवेच्या, यंत्राच्या, कामाच्या तक्रारी असतील. टिपणारा मोजणाऱ्याला काय लिहितो? “त्यात उत्तर देण्यासारखं काय होतं?” मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

 एखाद्याने तोंडावर थुंकावं आणि पुसायला हात मोकळे नसावेत तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी भिंतीवर कागद टेकवून सही केली, इतक्या जोराने की निब आरपार गेलं. “घ्या. आणि जाताना दार लावा. माझा जेवणाचा नेम मोडतोय.”

जिना चढताना मला त्या बोलण्याचा आनंद होत होता. टोमणा ओळखीचा होता. म्हणजे बाई बदलली नव्हती, म्हणजे माझा चौथा नेम बरोबर होता.

फीतकापे आरशासमोर गळपट्टा नीट करत होते. आलेख त्यांनी उभ्याउभ्याच बघितला. “ताई,” ते म्हणाले, ते मला ताई म्हणतात, “बाहेर वर्तमानपत्रवाले बसलेत. आता हे?”

“चूक आहे साहेब.”

“चूक कुठे? मी ‘निश्चित’ म्हटलंय का? ‘शक्य’ म्हटलंय. ‘शक्य’ या शब्दात अख्खा चंद्र मावतो. चढ आहे तेवढा दाखवू, बाकीचं पुढच्या निबंधात.” त्यांनी माझा कागद खणात टाकला आणि खण गुडघ्याने लोटला. “नाव तुमचंही आहे त्यावर, माझ्याखाली. सव्वीस वर्षांनी येतंय. जपा जरा.”

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं, आणि ते माझ्या मनातलंच होतं. खाली सभागृहात मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले तेव्हा मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मी सांगितलं, सही आणली, वर दिली. आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. नेम खोटं न बोलण्याचा आहे, गप्प न बसण्याचा नाही. उलट गप्प बसण्यात तर माझा हात कोणी धरणार नाही. पडद्यावर माझा जुना आलेख उजळला, चंद्राच्या मातीची रेघ त्यावर सरकत आली, दोन रेघांची एक रेघ झाली आणि सभागृहातून एक श्वास उठला. तो श्वास माझ्यासाठी होता. मी डोळे मिटून तो घेतला. खाली तीन नावं होती. फीतकापे ‘शक्य’ म्हणाले, पण असं म्हणाले की ऐकणाऱ्याला ते ऐकूच येऊ नये. टाळ्या झाल्या. मग प्रश्न. दुसऱ्या संस्थेतून आलेल्या एका वयस्क बाई उठल्या, हातातल्या वहीत बघत म्हणाल्या, “छान आहे. पण इतका अंधुक ठिपका. चंद्र वर होता का तेव्हा?”

“चंद्र पुरेसा लांब होता, आकाश निरभ्र होतं,” फीतकापे म्हणाले, आणि त्यांना वाटलं आपण मोठं मन दाखवतोय. “ज्यांनी मोजणी केली त्या आमच्या ताईच इथे आहेत. सांगा ताई.”

मी उभी राहिले. सगळ्यांची तोंडं वळली. ‘हो’ म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हणाले, “ढग होते.”

“काय?” कोणीतरी म्हणालं. दुसरं कोणी “शू” म्हणालं. मी पुन्हा म्हणाले. ओठ हलले, आवाज पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत जाऊन पडला.

“जोरात बोला, वन्सं!” मागून आवाज आला. वहिनी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यात माया नव्हती. अडलेल्या दाराला लाथ घालावी तसा तो आवाज होता. कोणी हसलं. आणि माझ्या छातीतून जे निघालं ते मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. “ढग होते! मी आकाश एकाच बाजूने घेतलं. हा चढ दगडाचा नाही, ढगातल्या चंद्राच्या उजेडाचा आहे. दोन्ही बाजू घेतल्या तर काहीच सांगता येत नाही. नवा आलेख साहेबांच्या खणात आहे.”

फीतकाप्यांचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा दिसत होता. पण ते फार वर्षं सभा चालवत आलेले आहेत. “निरीक्षकांनी ढगांची नोंद केली नसेल,” ते म्हणाले.

“केली होती. शेऱ्यात. दोन रेघा मारून.”

“मग नजरचूक झाली.” त्यांनी ते जवळजवळ विनवून म्हटलं. “नजरचूक कोणाचीही होते.”

दार उघडं होतं. नजरचूक. सगळ्यांनी मान हलवली असती, त्या वयस्क बाईंनीही. माझी सव्वीस वर्षं त्या एका शब्दाआड बसली असती. पण नजर चुकली नव्हती, मी ती चुकवली होती, रोज, मोजून. “नाही,” मी म्हणाले. आवाज आता खाली येत नव्हता. “शेऱ्याचा रकाना मी झाकून ठेवते. एकोणीस महिने झाले. आमच्या वहिनींच्या हातचं मी वाचत नाही.”

पुढच्या रांगेतला एकजण मोठ्याने हसला आणि मग कोणी साथ देईना म्हणून थांबला. फीतकाप्यांनी हातातली कांडी खाली ठेवली. मी मागे बघितलं, कारण मला बघायचं होतं. जिंकताना तिचा चेहरा कसा होतो ते. वहिनी भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्यांचे ओठ काहीतरी मोजल्यासारखे हलत होते, आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला मघाचं बोलणं कळलं. त्यांना वाटत होतं की मी वाचते. एकोणीस महिने त्यांना वाटत होतं की मी प्रत्येक ओळ वाचते आणि वाचून गप्प राहते. त्या दोन अंगुळं रुंद रकान्यात त्या मला लिहीत होत्या.

“म्हणजे एकही नाही?” त्या म्हणाल्या. सभागृहाला वाटलं, त्या ढगांबद्दल विचारताहेत. “ती पहाट कशी गेली ते लिहिलं होतं मी. सहा वेळा लिहिलं. एकही नाही वाचलं?”

“एकही नाही,” मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.